स्मरणाचा महिना की सुटकेचा?

२०२५ सालच्या ३१ जानेवारीला वॉशिंग्टनमधून दोन कागद बाहेर पडले. पहिला कागद राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या स्वाक्षरीचा. फेब्रुवारी महिना प्रथेप्रमाणे 'कृष्णवर्णीय इतिहास मास' म्हणून पाळला जावा, असे आवाहन त्यात होते आणि फ्रेडरिक डग्लस, हॅरिएट टबमन यांच्यासारख्यांचा गौरवाने उल्लेख होता. दुसरा कागद संरक्षण खात्याचा. वेगवेगळ्या समूहांच्या नावाने पाळल्या जाणाऱ्या महिन्यांसाठी सैन्याचा वेळ, पैसा व साधने यापुढे खर्च होणार नाहीत, असा त्याचा आशय होता. वगळलेल्या महिन्यांच्या यादीत कृष्णवर्णीय इतिहास मास होता, स्त्री इतिहास मास होता, आणि ज्यात भारतीय वंशाच्या नागरिकांचीही गणना होते तो आशियाई वारशाचा महिनाही होता. एकाच सरकारने एकाच दिवशी एका हाताने महिना दिला आणि दुसऱ्या हाताने काढून घेतला.

या विसंगतीची चेष्टा करणे सोपे आहे. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न चेष्टेचा नाही. एखाद्या देशातील अल्पसंख्य समूहाच्या इतिहासासाठी वर्षातला एक महिना राखून ठेवावा का? ठेवला, तर तो किती काळ? त्याने त्या समूहाचा सन्मान वाढतो, की उरलेल्या अकरा महिन्यांत त्याला विसरण्याची सोय होते? ज्या आठवड्यातून हा महिना जन्माला आला, तो १९२६ साली सुरू झाला. शंभर वर्षांच्या या प्रथेचा जमाखर्च मांडायचा, तर ज्याने ती सुरू केली त्या माणसापासून आरंभ करणे उचित ठरेल.

कार्टर वुडसन यांचा जन्म १८७५ सालचा, व्हर्जिनिया राज्यातला. आईवडील दोघेही पूर्वाश्रमीचे गुलाम. शेतीच्या कामांमुळे शाळा अधूनमधूनच. तरुणपणी त्यांनी पश्चिम व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणीत मजुरी केली. तेथे यादवी युद्धात लढलेल्या एका निरक्षर कृष्णवर्णीय खाणकामगाराच्या घरी कामानंतर मजूर जमत आणि वुडसन त्यांना वर्तमानपत्रे व पुस्तके वाचून दाखवीत. त्या बैठकीतल्या गप्पांमधून आपल्या लोकांना इतिहास आहे, तो फक्त कोणी लिहून ठेवलेला नाही, ही जाणीव त्यांच्यात रुजली. विशीच्या उंबरठ्यावर ते माध्यमिक शाळेत दाखल झाले आणि १९१२ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाची इतिहासातील डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या आधी हा मान मिळवणारे एकच कृष्णवर्णीय अमेरिकी होते, ते म्हणजे डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस.

त्या काळची अमेरिका कशी होती? १९१५ साली ग्रिफिथ यांचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा चित्रपट आला. यादवी युद्धानंतरच्या काळातील कृष्णवर्णीयांना त्यात समाजाचे शत्रू आणि कु क्लक्स क्लॅन या दहशतवादी टोळीला समाजाचे तारणहार म्हणून रंगवले होते. तो खुद्द व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्जिया राज्यात त्या टोळीचे पुनरुज्जीवनही झाले. विद्यापीठांतील नामवंत इतिहासकार त्याच धाटणीचा इतिहास शिकवीत होते. गुलाम सुखात होते, स्वातंत्र्य पेलण्याची त्यांची पात्रता नव्हती, हे पाठ्यपुस्तकांतले सर्वमान्य सत्य होते. पराभूतांचा इतिहास विजेत्याने लिहिला की पराभूताची मुलेही स्वतःला तुच्छ समजू लागतात, याचा अनुभव आपल्या देशाला वेगळा सांगावा लागत नाही.

वुडसन यांनी या अपप्रचाराला उत्तर कसे दिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी मोर्चा काढला नाही, की सरकारकडे एखाद्या दिवसाची मागणी केली नाही. १९१५ सालच्या सप्टेंबरात, म्हणजे तो चित्रपट गाजत असतानाच, त्यांनी शिकागो येथे कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा व इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था स्थापन केली. दुसऱ्याच वर्षी संशोधनाचे नियतकालिक सुरू केले. कागदपत्रे जमवली, जनगणनेच्या नोंदी तपासल्या, पुस्तके छापली. आणि हे काम दहा वर्षे चालल्यानंतर, १९२६ सालच्या फेब्रुवारीत, त्यांनी 'निग्रो इतिहास सप्ताह' जाहीर केला. गुलामगिरी संपवणारे अब्राहम लिंकन यांचा जन्मदिवस १२ फेब्रुवारीला येतो. गुलामगिरीतून निसटून देशाचा श्रेष्ठ वक्ता झालेले फ्रेडरिक डग्लस यांचा जन्मदिवस १४ फेब्रुवारीला मानला जातो. कृष्णवर्णीय समाज हे दोन्ही दिवस आधीपासूनच पाळीत होता. लोकांच्या मनात रुजलेल्या या परंपरेला वुडसन यांनी अभ्यासाची जोड दिली. आधी संशोधन, मग उत्सव, असा हा क्रम होता.

या सप्ताहामागची त्यांची कल्पनाही आजच्या समजुतीपेक्षा निराळी होती. शाळांनी इतिहास एकाच आठवड्यात शिकवावा, असे त्यांना मुळीच अभिप्रेत नव्हते. मुलांनी तो वर्षभर शिकावा आणि जे शिकले ते त्या आठवड्यात समाजापुढे मांडावे, अशी ती योजना होती. वर्षभर तालमीत घाम गाळणारा मल्ल जत्रेत आखाड्यात उतरतो, तसा हा प्रकार. संस्थेकडून शिक्षकांना चित्रे, पाठ, नाटुकली पाठवली जात. कृष्णवर्णीयांचा वेगळा इतिहास नव्हे, तर इतिहासातील कृष्णवर्णीयांचे स्थान दाखवणे हा आपला हेतू आहे, असे वुडसन यांनी स्पष्ट केले होते. एक दिवस असा यावा, की या सप्ताहाची गरजच उरू नये, ही त्यांची अपेक्षा होती. सप्ताहाच्या लोकप्रियतेचा लाभ उठवून अभ्यासाविना व्याख्याने झोडणाऱ्या भोंदूंपासून सावध राहण्याचा इशाराही त्यांनी दिला होता. १९५० साली त्यांचे निधन झाले.

पुढे नागरी हक्कांची चळवळ झाली. ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने १९७० साली सप्ताहाऐवजी पूर्ण महिना पाळला गेला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली त्या १९७६ साली राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी या महिन्याला मान्यता दिली. तेव्हापासून प्रत्येक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांनी ती प्रथा चालवली. १९८७ पासून ब्रिटनमध्ये ऑक्टोबरात असाच महिना पाळला जातो आणि १९९५ साली कॅनडाच्या संसदेनेही त्याला संमती दिली. एका खाणकामगाराने स्वतःच्या बळावर सुरू केलेला उपक्रम तीन राष्ट्रांनी स्वीकारावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. एकेकाळी ज्या मुलांना आपल्या पूर्वजांविषयी लाज वाटावी अशीच पुस्तके हाती पडत, त्यांच्या वर्गात डग्लस आणि टबमन यांची चित्रे लागली, हे या प्रथेचे ऋण कोणालाही नाकारता येणार नाही.

तरीही जमेच्या बाजूवर थांबता येत नाही. प्रथा सरकारी झाली की तिच्यातला प्राण क्षीण होतो, हा सर्वत्रचा अनुभव आहे. जयंतीला पुतळ्याला हार घालायचा, भाषणे करायची आणि दुसऱ्या दिवशी त्या महापुरुषाचे नावही काढायचे नाही, हा प्रकार महाराष्ट्राला परका नाही. अमेरिकेतही तसेच झाले. दर फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग यांचे एक भाषण, रोझा पार्क्स यांची बसमधील एक हकिगत आणि दोनचार शास्त्रज्ञांची नावे, एवढ्यावर असंख्य शाळांनी वेळ भागवली. बाजारपेठेनेही हात धुऊन घेतले. गुलामगिरीच्या अंताची बातमी टेक्सासमध्ये पोहोचली तो १९ जून १८६५ हा दिवस २०२१ साली राष्ट्रीय सुट्टीचा झाला. पुढच्याच वर्षी दुकानांच्या एका मोठ्या साखळीने त्या दिवसाच्या नावाने आईस्क्रीम विक्रीस ठेवले आणि टीकेचा भडिमार होताच ते मागे घेतले. पूर्वजांच्या बेड्या तुटल्याच्या स्मृतीची ही किंमत!

म्हणूनच २००५ साली प्रख्यात कृष्णवर्णीय अभिनेते मॉर्गन फ्रीमन यांनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत या महिन्याची संभावना हास्यास्पद म्हणून केली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. आपला इतिहास एका महिन्यात बसवायचा का, कृष्णवर्णीयांचा इतिहास हा अमेरिकेचाच इतिहास नव्हे काय, हा त्यांचा सवाल होता. तो कोणा द्वेष्ट्याचा नव्हता. त्याच समाजाच्या एका स्वाभिमानी माणसाचा तो होता. आणि बारकाईने पाहिले, तर तो वुडसन यांच्या विचाराहून वेगळाही नव्हता.

महिन्याची मर्यादा किती मोठी आहे, हे टल्सा शहराच्या उदाहरणावरून कळते. ओक्लाहोमा राज्यातील या शहरात ग्रीनवुड नावाची कृष्णवर्णीयांची भरभराटीला आलेली वस्ती होती. दुकाने, दवाखाने, चित्रपटगृहे, वर्तमानपत्रे असे सगळे तेथे होते. १९२१ सालच्या ३१ मे व १ जून या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने ती वस्ती जाळली. सुमारे पस्तीस चौक भस्मसात झाले. मृतांचा त्या वेळचा सरकारी आकडा ३६ होता. इतिहासकारांचे अंदाज तीनशेपर्यंत जातात. एवढे मोठे हत्याकांड, पण ते पाठ्यपुस्तकांत आले नाही. १९७६ पासून दर फेब्रुवारीत देशभर इतिहास मास साजरा होत होता. टल्साची मुले मात्र आपल्याच गावात काय घडले ते न शिकता मोठी होत राहिली. राज्याने नेमलेल्या आयोगाचा अहवाल २००१ साली आला, तेव्हा कुठे अधिकृत मौन सुटले. उत्सवाने जे पंचवीस वर्षांत साधले नाही, ते कागदपत्रे चाळणाऱ्या अभ्यासकांनी आणि साक्षी देणाऱ्या वृद्धांनी साधले.

मग हा महिना बंदच करावा काय? 'एक राष्ट्र, एक इतिहास' ही घोषणा ज्यांना प्रिय आहे, त्यांना हे उत्तर चटकन पटेल. नागरिकांची अशी महिनेवार वाटणी केली, तर राष्ट्र म्हणून एक कधी व्हायचे, हा प्रश्न खोटा नाही. अमेरिकी विद्यापीठांतील एका वर्गाने इतिहासाचे रूपांतर तक्रारींच्या कायमच्या वहीत केले आहे, हेही खरे. त्यांच्या लेखी समाज म्हणजे अत्याचारी आणि अत्याचारित अशा दोनच रांगा. ज्या लिंकनने गुलामगिरी संपवली त्याच्याविषयी कृतज्ञता नाही, ज्या हजारो गोऱ्या सैनिकांनी त्या युद्धात प्राण वेचले त्यांची आठवण नाही. जखम भरून येण्यासाठी ती धुवावी लागते. ती रोज उकरणाऱ्याला वैद्य म्हणत नाहीत. वुडसन यांनी सप्ताहासाठी डग्लस यांच्या बरोबरीने लिंकन यांचाही दिवस साधला होता, याचा या मंडळींना सोयीस्कर विसर पडला आहे.

परंतु महिना नुसता बंद केल्याने काय होते, हेही २०२५ सालीच दिसून आले. संरक्षण खात्याच्या त्या आदेशापाठोपाठ संकेतस्थळे 'स्वच्छ' करण्याची मोहीम निघाली. बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत १९४७ साली मोडणारा जॅकी रॉबिन्सन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यात अधिकारी होता. त्याच्या सैनिकी सेवेची माहिती देणारे पान मार्चमध्ये नाहीसे झाले आणि ओरड झाल्यावर परत आले. त्यापूर्वी जानेवारीत टस्कीगीच्या वैमानिकांविषयीची चित्रफीत हवाई दलाच्या प्रशिक्षणातून निघाली होती. तीही टीकेनंतर पुन्हा दाखल झाली. हे वैमानिक कोण? ज्या देशात त्यांना गोऱ्यांच्या शेजारी बसून जेवताही येत नव्हते, त्याच देशासाठी महायुद्धात लढलेले कृष्णवर्णीय हवाई योद्धे. वर्णाच्या आधारावर वेगळ्या काढलेल्या तुकडीत राहून त्यांनी शौर्य गाजवले. अमेरिकी सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ साली काढला, त्यामागे या शौर्याचाही वाटा होता. अशा वीरांची कथा राष्ट्रीय एकात्मतेला बाधक कशी ठरते? राष्ट्रभक्तीचा याहून उजळ पाठ अमेरिकेच्या इतिहासात शोधून तरी सापडेल काय?

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. विशेष महिना काढून टाकल्यावर त्यातला आशय आपोआप मुख्य प्रवाहात जाऊन बसत नाही. बहुतेक वेळा तो महिन्याबरोबरच वाहून जातो. ज्या घरात थोरल्या काकांचे नाव रोजच्या बोलण्यात नसते, त्या घरात वर्षश्राद्धही बंद झाले की पुढच्या पिढीला काका होते हेच ठाऊक राहत नाही. विस्मरणातून आलेले ऐक्य हे ऐक्य नव्हे. ते केवळ एका बाजूचे मौन असते. समान स्मरणातून येते तेच टिकाऊ ऐक्य. आपल्याकडे ज्याला समरसता म्हणतात, तिचा पायाही हाच. जो दुरावला त्याची वेदना ही आपलीच वेदना आणि त्याचे वीर हे आपलेच वीर, हे मान्य केल्याविना कोणताही समाज एकजीव झालेला नाही.

तेव्हा प्रश्न महिना ठेवायचा की काढायचा एवढाच राहत नाही. उरलेल्या अकरा महिन्यांत काय शिकवले जाते, हा खरा प्रश्न आहे. या बाबतीत काही ठिकाणी चांगली पावले पडली. फिलाडेल्फिया शहराच्या सरकारी माध्यमिक शाळांनी २००५ साली आफ्रिकी अमेरिकी इतिहासाचा अभ्यास सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचा केला. राजधानी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राच्या स्मारकांच्या रांगेत या इतिहासाचे भव्य राष्ट्रीय संग्रहालय २०१६ साली उघडले. उलट फ्लोरिडा राज्याने २०२३ साली या विषयाचा महाविद्यालयीन दर्जाचा नवा अभ्यासक्रम आपल्या शाळांत नाकारला. त्या अभ्यासक्रमातील काही प्रकरणे प्रचारकी असल्याचा आक्षेप होता. आक्षेप असतील तर त्यांची चर्चा झाली पाहिजे, दुरुस्त्याही झाल्या पाहिजेत. पण जेथे पाठ्यपुस्तकावरच वाद चालू आहे, तेथे महिन्याची गरज संपली असे म्हणणे ही घाई आहे. वुडसन यांची कसोटी साधी होती. मुख्य पुस्तकात पूर्ण व खरा इतिहास आला, की सप्ताहाने सन्मानाने निवृत्त व्हावे. ती कसोटी अद्याप पार पडलेली नाही.

या साऱ्याशी मराठी माणसाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. गुलामगिरी रद्द करणारी घटनादुरुस्ती होऊन तेव्हा आठच वर्षे झाली होती. पुण्यातल्या एका समाजसुधारकाला सातासमुद्रापलीकडच्या त्या लढ्याचे मोल कळले होते. त्याने आभार मानले, ते स्वतःच्या समाजाच्या पुढे येऊन दुसऱ्याच्या न्यायासाठी लढणाऱ्या गोऱ्यांचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचा आपण अभ्यासक असल्याचे कळवले. महाराष्ट्राच्या विचारविश्वात हा विषय कधीच परका नव्हता.

आज तर तो आणखी जवळचा झाला आहे. अमेरिकेत हिंदू हे स्वतःच एक अल्पसंख्य समूह आहेत. २०२१ साली टेक्सास, ओहायो, न्यू जर्सी आदी राज्यांच्या राज्यपालांनी ऑक्टोबर हा 'हिंदू वारसा मास' म्हणून जाहीर केला. तेथील मराठी मंडळींनाही त्याचा आनंद झाला असणार आणि तो स्वाभाविक आहे. पण त्या आनंदात २००५ सालचा अनुभव विसरून चालणार नाही. कॅलिफोर्नियातील सहावीच्या पाठ्यपुस्तकांत प्राचीन भारत व हिंदू धर्म यांचे जे चित्रण होते, ते वाचून आपल्या मुलांना वर्गात मान खाली घालावी लागते, अशी हिंदू पालकांची व्यथा होती. त्यांनी दुरुस्त्या सुचवल्या. काही प्राध्यापकांनी त्यांना कडाडून विरोध केला. प्रकरण न्यायालयात गेले. राज्य शिक्षण मंडळाने योग्य कार्यपद्धती पाळली नाही, असे न्यायालयाने २००६ साली म्हटले, पण पुस्तके मात्र तशीच चालू राहू दिली. त्या वेळी विरोधी बाजूकडे विद्यापीठांतली पदे होती, शोधनिबंध होते, नियतकालिके होती. हिंदू पालकांकडे तळमळ होती, पण वुडसन यांनी १९१५ साली उभारली तशी संस्था नव्हती.

राज्यपालांच्या घोषणापत्रावर समाधान मानणाऱ्यांनी हा धडा लक्षात ठेवावा. घोषणापत्र दर वर्षी मिळते आणि एखाद्या वर्षी मिळेनासेही होते. सरकारी कृपेने आलेला महिना सरकारी आदेशाने जातो, हे ३१ जानेवारी २०२५ या एका तारखेने दाखवून दिले आहे. संस्था, ग्रंथालय, संशोधक आणि पाठ्यपुस्तके यांच्या रूपाने जे उभे राहते, ते कोणत्याही आदेशाने सहज पुसले जात नाही. वुडसन यांचे नियतकालिक आजही बदललेल्या नावाने प्रसिद्ध होत आहे. ऑक्टोबरात दिवे लावणे, रांगोळ्या काढणे, पदार्थांची मेजवानी देणे हे सर्व करावे. परंतु आपल्या मुलांना आणि त्यांच्या अमेरिकी सोबत्यांना आपला इतिहास पुराव्यानिशी सांगता येईल अशी किती माणसे वर्षभरात घडली, याचा हिशेबही त्याच महिन्यात मांडला गेला पाहिजे.

कृष्णवर्णीय इतिहास मासाची उपयुक्तता संपलेली नाही. पण तो उपयुक्त राहील, तो वर्षभराच्या अभ्यासाची परीक्षा म्हणून, त्या अभ्यासातून सुटका म्हणून नव्हे. ज्या शाळेत मुले वर्षभर शिकतात, तेथे फेब्रुवारी सार्थ आहे. जेथे फक्त फेब्रुवारीतच भिंतीवर चित्रे लागतात, तेथे तो असला काय आणि नसला काय सारखेच. आणि ज्या दिवशी अमेरिकेतील कोणत्याही वर्णाचे मूल डग्लस, टबमन आणि टस्कीगीच्या वैमानिकांना 'त्यांचे' न म्हणता 'आमचे' म्हणेल, त्या दिवशी हा महिना पाळण्याचे कारण उरणार नाही. वुडसन यांना तोच दिवस हवा होता. तो येईपर्यंत महिना राहू द्यावा, आणि तो दिवस लवकर यावा यासाठी उरलेले अकरा महिने राबावे, हेच शहाणपणाचे.